घरातील ग्रंथ आणि जागेची अडचण

विद्याव्यासंगी एकत्र कुटुंबात तीन पिढ्यांची पुस्तके साठत जातात. भिंती मात्र तेवढ्याच राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस परळच्या चाळीतील जागा ग्रंथांस अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी १९३३ च्या सुमारास दादर येथे ‘राजगृह’ बांधविले. इतके सामर्थ्य आपणांपैकी किती जणांस असणार?

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले; ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा त्यांतील पहिला. त्यास अनुसरून आमची सूचना अशी की, फळीवर एकामागे एक दोन रांगा लावू नयेत. मागची रांग दृष्टीआड होते व तेथेच कसर आणि वाळवी निर्वेध वाढते. पावसाळा सरताच सर्व ग्रंथ काढून झटकावेत. जुन्या पोथ्या व वडिलांच्या हातची टिपणे असलेले ग्रंथ अवश्य राखावेत. दुबार प्रती व मुलांची जुनी क्रमिक पुस्तके द्यावीत. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली जेथे महाविद्यालय काढले, त्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गरजू विद्यार्थ्यांची वाण नाही.

मात्र हा निर्णय यजमानांनी एकट्याने करू नये. घरातील स्त्रियांस व मुलांसही विचारावे. एकास अडगळ वाटणारे पुस्तक दुसऱ्यास प्राणप्रिय असू शकते.