संगणकीय खेळांतील निर्णय आणि शेवट

खेळाडूने घेतलेल्या निर्णयांनुसार पात्रांची मनःस्थिती, त्यांचे परस्परसंबंध आणि कथेचा शेवट बदलत जाणे, हे अनेक कथाप्रधान संगणकीय खेळांचे वैशिष्ट्य होय. कादंबरीतील नायकाचे अंतर्द्वंद्व वाचक बाहेरून पाहतो. अशा खेळात मात्र त्या द्वंद्वाचा निवाडा खेळाडूलाच करावा लागतो. या रचनेचे छापील पूर्वरूप एडवर्ड पॅकर्ड यांच्या ‘द केव्ह ऑफ टाइम’ (१९७९) या बालपुस्तकात आढळते. वाचक निवडील त्या पर्यायानुसार त्यातील कथा वेगवेगळ्या पानांवर संपते.

निर्णयांची नोंद दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात पर्याय पडद्यावर स्पष्टपणे मांडलेले असतात. दुसऱ्यात खेळाडूच्या वर्तनाची नोंद आज्ञावली त्याच्या नकळत ठेवते. रिचर्ड गॅरिअट यांच्या ‘अल्टिमा ४’ (१९८५) या खेळात पराभूत करावयाचा खलनायक नाही; आठ सद्‌गुण अंगी बाणविणे हेच साध्य आहे. अंध दुकानदाराला कमी पैसे दिल्यास त्या क्षणी कोणी हटकत नाही. परंतु खेळाडूच्या सद्‌गुणांत घट होते आणि साध्य दुरावते.

अप्रकट नोंदीचा अधिक सूक्ष्म वापर कोनामी या जपानी संस्थेच्या ‘सायलेंट हिल २’ (२००१) मध्ये दिसतो. मृत पत्नीचे पत्र आल्याने जेम्स संडरलंड एका धुकट गावी येतो. आजारी पत्नीचा जीव आपणच घेतला, हे सत्य त्याने स्वतःपासूनही लपविलेले असते. खेळाडू जखमांवर वेळीच उपचार करतो की नाही, पत्नीचे पत्र व छायाचित्र पुन्हापुन्हा पाहतो की नाही, एका व्यथित तरुणीकडून मिळालेला सुरा न्याहाळतो की नाही, यांसारख्या बारीकसारीक गोष्टींवरून जेम्स अपराध स्वीकारून जगतो, आत्मनाश करतो की पत्नीसारख्या दिसणाऱ्या स्त्रीच्या भ्रमात गुंततो, हे ठरते. ‘अंडरटेल’ (२०१५) या टोबी फॉक्स यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्यांना मारणे किंवा सोडून देणे यांवर शेवट अवलंबून असतो. डाव पुन्हा मांडला, तरी पूर्वीच्या काही कृत्यांची आठवण खेळ ठेवतो.

या रचनेला व्यावहारिक मर्यादा आहेत. प्रत्येकी दोन पर्यायांचे दहा निर्णय पूर्णपणे स्वतंत्र ठेवल्यास १,०२४ कथामार्ग निर्माण होतात. म्हणून फुटलेल्या शाखा बहुधा पुढे पुन्हा एकत्र आणल्या जातात व निर्णयाचा प्रभाव संवादांतील फरकापुरता उरतो. ‘मास इफेक्ट ३’ (२०१२) या खेळाच्या शेवटात आधीच्या निर्णयांचे पुरेसे प्रतिबिंब नाही, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. त्याच वर्षी बायोवेअर या निर्मात्या संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला. अशा खेळाचे यश शेवटांच्या संख्येवर अवलंबून नसते. मिळालेला शेवट आपल्याच वर्तनाचे फलित आहे, असे खेळाडूला पटणे हीच त्याची खरी कसोटी होय.