परदेशी खरेदीला निघताय? आधी मोबाईलचा बंदोबस्त करा

परदेशात माल पाहायला जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात पूर्वी भावांची वही आणि पत्त्यांची डायरी असे. आज ती जागा मोबाईलने घेतली आहे. नमुन्याचे फोटो, भावपत्रक, बिल, बँकेचा ओटीपी, सारे काही त्यातच. ऐन सौद्याच्या वेळी इंटरनेट मिळाले नाही, तर घरच्या भागीदाराला नमुना दाखवता येत नाही आणि माल दुसरा उचलतो. उलट, इंटरनेट बेफिकिरीने चालू ठेवले, तर परतल्यावर येणारे बिल नफा खाऊन टाकते. म्हणून व्हिसा-तिकिटाइतकीच या गोष्टीची तयारी निघण्यापूर्वी करावी.

परदेशात इंटरनेट मिळण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, आपल्याच सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक. दुसरा, तेथे पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून घेतलेले स्थानिक सिम. तिसरा, ई-सिम. यात कार्ड नसते, फोनमध्येच नोंद होते. आपल्या फोनला ही सोय आहे का, हे पाहण्यासाठी *#०६# दाबावे. आयएमईआयसोबत ईआयडी हा लांब क्रमांक दिसला, तर सोय आहे असे समजावे.

यांतला कोणता मार्ग घ्यावा? याचे उत्तर देशागणिक बदलते.

दुबईत देराच्या बाजारात मसाला किंवा सोन्याची खरेदी करायची असेल आणि मुक्काम काही दिवसांचा असेल, तर दोन सिमांची व्यवस्था उत्तम. स्थानिक सिमवर इंटरनेट चालवावे. भारतीय सिम फोनमध्येच ठेवून त्याचे डेटा रोमिंग बंद करावे. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून त्याची रोमिंग सेवा मात्र भारतातूनच सुरू करून निघावे. व्हॉट्सॲपवर मजकूर आणि फोटो तेथे जातात, पण इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. त्यासाठी बोटिमसारखी परवानाधारक ॲप्स आहेत. व्हीपीएनने बंदी चुकवण्याच्या फंदात पडू नये, कायदा कडक आहे.

चीनमध्ये मात्र हिशेब उलटा होतो. ग्वांगझूचा कँटन मेळा १९५७ पासून भरतो आणि वर्षातून दोनदा जगभरचे खरेदीदार तेथे जमतात. पण स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर गूगल, जीमेल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर ती साधारणपणे चालतात. कारण रोमिंगमध्ये आपला डेटा सहसा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून बाहेर पडतो. स्वस्त म्हणून तेथले सिम घेणारा व्यापारी घरच्यांपासून तुटतो, तो यामुळेच. शिवाय चिनी विक्रेते वीचॅट वापरतात आणि भारताने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. तेव्हा बोलणे ईमेलवर करायचे की अन्य मार्गाने, हे विक्रेत्याशी आधीच ठरवावे.

पॅक घेताना कंपनीला तीन प्रश्न विचारावेत. आपला देश यादीत आहे का? दिवस कोणत्या वेळेने मोजतात? डेटा संपल्यावर सेवा थांबते की पुढे दर एमबीने आकारणी होते? बिल फुगते ते बहुधा या तिसऱ्या प्रश्नापाशीच. फोटोंची आपोआप साठवण आणि ॲपचे अपडेट आपल्या नकळत डेटा खातात, ते बंद ठेवावे. विमानात फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. विमानातील नेटवर्क आपल्या पॅकमध्ये असेलच असे नाही.

विमानतळ आणि हॉटेलचा मोफत वायफाय नमुने पाठवण्यास ठीक. त्याचे नेमके नाव काउंटरवर विचारून मगच जोडावा, कारण सारख्या नावाचे फसवे जाळे लावणारेही असतात. पैशांचा व्यवहार मात्र आपल्या सिमच्या डेटावरच करावा.

हॉटेलचा पत्ता, शहराचा नकाशा आणि ऑर्डरचे कागद फोनमध्ये उतरवून ठेवावेत, आणि महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून घ्यावेत. मोबाईल बंद पडला तरी सौदा बंद पडू नये, एवढी खबरदारी प्रत्येक व्यापारी बांधवाने घेतलीच पाहिजे.