सत्राच्या धावपळीत मननाचा अवकाश

ज्ञान आत्मसात करण्याच्या तीन पायऱ्या भारतीय परंपरेने सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हाच क्रम समजावून सांगतात. श्रवण म्हणजे ऐकणे. आजच्या भाषेत वर्गात बसणे, पुस्तक वाचणे. मनन म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर स्वतःच्या बुद्धीने विचार करणे, तिच्याविषयी शंका घेणे, ती आपल्या अनुभवाशी ताडून पाहणे. निदिध्यासन म्हणजे पटलेल्या गोष्टीचा सतत ध्यास घेऊन ती अंगी बाणवणे. यांतील पहिल्या पायरीसाठी वेळापत्रक असते, शिक्षक असतात, हजेरीपट असतो. मनन मात्र ज्याचे त्याने करायचे असते. त्याची तासिका नसते आणि ते केले नाही म्हणून कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच घाईच्या दिवसांत सर्वांत आधी तेच मागे पडते.

सत्र पद्धती आणि वेळेची टंचाई

पूर्वी आपल्या विद्यापीठांत वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा होत असे. आता बहुतेक ठिकाणी वर्षाची दोन सत्रे असतात. दिल्ली विद्यापीठाने २०११ साली पदवीच्या अभ्यासक्रमांसाठी सर्वत्र सत्र पद्धती लागू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषानुसार एक सत्र १५ ते १८ आठवड्यांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे ९० दिवस धरलेले असतात. एवढ्या अवधीत अनेक विषयांची व्याख्याने, टिपणे, स्वाध्याय, चाचण्या, प्रात्यक्षिके आणि शेवटी लेखी परीक्षा हे सारे बसवायचे असते. या पद्धतीचे लाभ आहेतच. अभ्यास वर्षभर विभागला जातो आणि एका परीक्षेवर सर्व भवितव्य अवलंबून राहत नाही. परंतु एक काम संपते न संपते तोच दुसरे दारात उभे राहते, हाही विद्यार्थ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगराचे उदाहरण घेऊ. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आय.एन.ए. बाजार आणि सरोजिनी नगर यांच्या शेजारी आहे. अशा वसाहतीत राहून विद्यापीठाच्या उत्तर परिसरात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थिनीचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना करता येते. सकाळी घरातील कामाला हातभार, मग आय.एन.ए. स्थानकावरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने प्रवास, तेरावे स्थानक विश्वविद्यालय. दिवसभर तास. संध्याकाळी परत येताना भाजी घ्यायची, रात्री स्वाध्याय पूर्ण करायचा. दिवसभरात तिने पुष्कळ ऐकलेले असते, लिहून घेतलेले असते. पण त्यातले आपल्याला काय उमजले, हे स्वतःला विचारायला क्षणभरही सवड झालेली नसते.

मुक्त शिक्षण घेणाऱ्यांची ओढाताण याहूनही मोठी असते. त्यांना नोकरी किंवा घर सांभाळून शिकावे लागते. वर्गातील चर्चा, मैत्रिणींशी होणारे बोलणे, शिक्षकाला सहज विचारलेला प्रश्न, यांतून होणारे मनन त्यांच्या वाट्याला कमी येते. म्हणून त्यांना ते जाणीवपूर्वक घडवून आणावे लागते.

चिंता आणि चिंतन

मनन म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी ते काय नाही हेही पाहिले पाहिजे. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. पण त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. ‘परीक्षेत काय होईल?’ हा प्रश्न रात्री दहा वेळा मनात येणे ही चिंता होय. त्यातून थकवा येतो, उत्तर मिळत नाही. ‘गेल्या चाचणीत कोणते प्रश्न सुटले नाहीत, ते का सुटले नाहीत, आणि त्यासाठी या आठवड्यात काय करता येईल?’ असे क्रमाने विचारणे हे चिंतन होय. चिंता एकाच जागी घिरट्या घालते. चिंतन एका प्रश्नापासून निघून पुढच्या पावलापर्यंत पोहोचते.

उजळणी आणि मनन यांतही फरक आहे. उजळणीत आपण पाठ पुन्हा पाहतो. मननात आपण त्या पाठाला प्रश्न विचारतो : हे खरे कशावरून? याचा माझ्या जगण्याशी काय संबंध? काल शिकलो त्याच्याशी हे जुळते का?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विचारप्रक्रियेची अशीच मांडणी केली. त्यांच्या मते खरा विचार एखाद्या अडचणीतून किंवा संभ्रमातून सुरू होतो. आपण एखादी गोष्ट कोणत्या आधारावर खरी मानतो आणि तिच्यातून पुढे काय निष्पन्न होते, याचा चिकाटीने केलेला शोध म्हणजे मनन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. आधार तपासल्याशिवाय कोणतीही रूढी स्वीकारायची नाही, ही बाबासाहेबांच्या लेखनातील वृत्ती पाहिली म्हणजे मननाचे सामर्थ्य किती असते याची साक्ष पटते.

थांबल्याने अभ्यास मागे पडतो का?

‘वाचायलाच वेळ नाही, मग विचार करायला कोठून आणायचा?’ असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर स्मरणशक्तीच्या अभ्यासात सापडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की शिकलेला मजकूर सुरुवातीच्या काळात फार वेगाने विसरला जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे पाठ वाचून झाल्यानंतरचा पहिला दिवस महत्त्वाचा असतो.

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि काय आठवते ते लिहून पाहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु एका आठवड्यानंतर चित्र पालटले. ज्यांनी आठवून पाहिले होते, त्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पुस्तक मिटून आठवण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. आणि वारंवार वाचल्यामुळे ‘आपल्याला सारे येते’ असे जे वाटते, ते फसवे असू शकते.

व्यग्र माणसांचा अवकाश

लक्ष्मीबाई नगराजवळच्या आय.एन.ए. स्थानकावर मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना मिळतात. पिवळा मार्ग विश्वविद्यालयाकडे जातो. २०१८ साली येथवर आलेला गुलाबी मार्ग दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस या स्थानकाकडे जातो. या दोन दिशा एका दांपत्याच्या कार्याची आठवण करून देतात.

रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे भारताचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. अशा जबाबदाऱ्यांच्या आयुष्यातही त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला, महात्मा गांधींच्या वचनांना संस्कृत पद्यरूप दिले आणि बागकामाची आवड जोपासली. काव्याचा अनुवाद हे घाईचे काम नव्हे. एका शब्दापाशी थांबावे लागते, तो मनात घोळवावा लागतो, पर्याय तोलून पाहावे लागतात. एवढ्या व्यापात हे घडले, याचा अर्थ त्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता. ज्या १९६२ साली ते कुलगुरू झाले, त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. नोकरी करता करता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी भारतीय विद्यापीठाने उघडलेले ते पहिले दार होते. आज ती संस्था मुक्त शिक्षण विद्यालय म्हणून ओळखली जाते.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांचे शिक्षण लहानपणीच खंडित झाले होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर त्यांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक, आंध्र विद्यापीठाच्या पदव्या आणि १९४२ साली मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी असा त्यांचा प्रवास झाला. पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना कमी अवधीत परीक्षेला बसता यावे, म्हणून या मंडळाने १९५८ साली संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. स्वतःच्या अडचणीकडे डोळसपणे पाहिले, की ती इतरांच्याही अडचणीवरचा उपाय सुचवू शकते, हे या कार्यातून दिसते.

वेळ कसा काढावा?

मननासाठी फार मोठा अवधी लागत नाही. ठरलेला अवधी लागतो. रोज १५ मिनिटे, आठवड्यातील सहा दिवस, असे १६ आठवडे केले, तर संपूर्ण सत्रात २४ तास होतात. चार महिन्यांतून एक दिवस, एवढाच हा हिशेब आहे. त्यासाठी पुढील मार्ग उपयोगी पडतात.

१. नव्या वेळेच्या शोधात न राहता मनन एखाद्या नित्याच्या कामाला जोडावे. मेट्रोचा परतीचा प्रवास, बसची प्रतीक्षा, शिवणयंत्रावरचे काम थांबल्यानंतरचा वेळ किंवा रात्रीची आवराआवर झाल्यानंतरची १५ मिनिटे यांसाठी योग्य ठरतात. गर्दीत उभे राहूनही आठवता येते. त्याला वही लागत नाही.

२. या वेळात पुस्तक मिटलेले आणि मोबाइल बाजूला असावा. स्वतःला तीनच प्रश्न विचारावेत : आज नवे काय कळले? काय कळले नाही? उद्या त्याविषयी कोणाला विचारायचे किंवा काय वाचायचे?

३. उत्तरे दोन-तीन ओळींत एका वहीत लिहून ठेवावीत. मनातील गोंधळ कागदावर उतरला, की त्याचे तुकडे करता येतात. ‘मला अर्थशास्त्र येत नाही’ असे वाटणारी व्यक्ती लिहायला बसली, की ‘मागणी समजली, लवचिकता समजली नाही’ इतके नेमके लिहू शकते. नेमक्या अडचणीवर उपाय सापडतो.

४. आठवड्यातून एकदा अर्धा तास ती वही चाळावी. तीच शंका तीन वेळा लिहिलेली दिसली, तर अभ्यासकेंद्रावर जाऊन ती विचारलीच पाहिजे, असे समजावे.

५. सत्राच्या मध्यावर मोठा प्रश्न विचारावा : हे शिक्षण मी कशासाठी घेत आहे? घेतलेले विषय त्या हेतूला धरून आहेत का? माझ्या तब्येतीवर, घरावर त्याचा कोणता ताण पडतो आहे? अनेक जण शिक्षण सोडतात ते एका दिवसात सोडत नाहीत. एक स्वाध्याय राहतो, मग दुसरा राहतो, आणि मागे वळून पाहिलेच नसल्याने परतीची वाट कठीण होत जाते. वेळीच विचारलेला हा प्रश्न ती वाट खुली ठेवतो.

एकट्याची जबाबदारी नव्हे

वेळ काढणे हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या तरुणाला किंवा साऱ्या घराचा भार वाहणाऱ्या गृहिणीला ‘रोज थोडा वेळ काढा’ असे सांगणे सोपे असते. तो वेळ त्यांच्या हाती असतोच असे नाही. घरातील माणसांनी पाण्याचा हंडा भरून ठेवला, मुलाला थोडा वेळ सांभाळले, तर शिकणाऱ्या आईला तिची १५ मिनिटे मिळतात. शिक्षकांनी तासाची शेवटची पाच मिनिटे नवे काही न सांगता विद्यार्थ्यांना आठवायला दिली, तर मननाची सवय वर्गातच लागते. अभ्यासकेंद्रावर भेटणाऱ्या दोघा-तिघांनी एकमेकांना पाठ समजावून सांगितला, तर प्रत्येकाला आपल्या समजुतीची परीक्षा घेता येते.

बी पेरल्यानंतर शेतकरी रोज माती उकरून पाहत नाही. तो पाणी देतो, तण काढतो आणि बीला जमिनीत रुजू देतो. वाचलेल्या अक्षरांनाही अशीच रुजायला थोडी उसंत द्यावी लागते. सत्र संपते, गुणपत्रिका हाती येते, पुढे अनेक तपशील पुसटही होतात. स्वतः प्रश्न विचारण्याची आणि त्यांची उत्तरे शोधण्याची सवय मात्र माणसाजवळ राहते. पुढे कामाच्या ठिकाणी, घरात आणि नागरिक म्हणून निर्णय घेताना तिचाच आधार मिळतो.