ई-मेलांतील ठकबाजी व तिची पारख

जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनींत नागली-वरई पिकविणारा शेतकरी बियाणें पारखल्याशिवाय पेरीत नाहीं. मोबाइलवर येणाऱ्या ई-मेलासही आतां तीच पारख लावणें अवश्य झालें आहे.

२०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधींतून पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकांठीं ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. ठक या हप्त्याचेंच आमिष दाखवितात. ‘ई-केवायसी अपुरी आहे, आजच दुवा दाबून माहिती भरा, अन्यथा हप्ता बंद होईल,’ असा मजकूर येतो. दुव्यावर हुबेहूब सरकारी दिसणारें पान उघडतें, आणि तेथें भरलेला ओटीपी ठकाच्या हातीं पडतो.

घाई व धाक ही पहिली खूण होय. दुसरी खूण दुव्याच्या पत्त्यांत असते. या योजनेचा खरा पत्ता ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ हा आहे. त्यांत एखादें अक्षर अधिकउणें दिसल्यास तें स्थळ बनावट समजावें. निर्धोक मार्ग हा कीं, आलेला दुवा दाबूंच नये. पत्ता स्वतः टंकावा, किंवा सेवा केंद्रांत चौकशी करावी. एपीके फाईल जोडलेली असल्यास ती उघडूं नये.

इतकेंही करून फसगत झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. ओटीपी आपल्या हातून गेला असला तरी बँकेस कळविल्यानंतरचें नुकसान बँकेनें सोसावें, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरविलें. त्यापूर्वींचें मात्र आपलेंच. म्हणून घटकेचा विलंबही महाग पडतो.