मोटारींतील वाद्ययंत्र आणि 'गेन'ची कळ

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर अथवा कल्याण-शिळ मार्गावर सायंकाळीं वाहनांची रांग तुंबली असतां एखादी मोटार शेजारीं येऊन उभी राहते, आणि तिच्यांतील गाण्याचे शब्द कानीं पडण्याच्या आधींच आपल्या काचा थरथरूं लागतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. त्या आवाजांत कित्येकदां एक खरखर असते. ऐकणारास वाटतें, गाणें मोठ्यानें लागलें आहे. वास्तविक यंत्र त्या वेळीं आपल्या शक्तीबाहेर राबत असतें.

डोंबिवलीच्या आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारींत असाच प्रकार घडला. नवा ॲम्प्लिफायर आला, बसविणारानें 'गेन' नांवाची कळ शेवटपर्यंत फिरवून दिली, आणि तीन आठवड्यांच्या आंत मागील मोठा स्पीकर मुका झाला. गाडींत जळकट वास तेवढा उरला. त्यांच्या दहावींत शिकणाऱ्या चिरंजीवांनीं आम्हांस विचारलें, "काका, ॲम्प्लिफायर १०० वॅटचा आणि स्पीकर १२० वॅटचा, मग स्पीकर जळला कसा?" प्रश्न मार्मिक होता.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गेन म्हणजे आवाज नव्हे. मोटारीच्या स्टीरिओंतून ॲम्प्लिफायरकडे जो विद्युत्संदेश जातो, त्याचा दाब कोणाचा २ व्होल्ट, कोणाचा ४ व्होल्ट, असा निरनिराळा असतो. किती व्होल्ट आंत आले असतां ॲम्प्लिफायरनें आपली पूर्ण शक्ति द्यावी, एवढेंच ती कळ ठरविते. ४ व्होल्ट देणारा स्टीरिओ जोडून कळ अर्ध्या व्होल्टाच्या खुणेवर ठेविली, तर आवाज थोडा वाढवितांच सारी शक्ति खर्ची पडते, आणि त्यापुढें वाढविलेला प्रत्येक अंश नुसती विकृति निर्माण करतो.

ती विकृति कशी होते? ध्वनीची लाट वर चढते व खालीं उतरते. तिला किती उंच चढतां येईल यास ॲम्प्लिफायरच्या अंतर्गत व्होल्टांची मर्यादा असते. गवतानें भरलेली गाडी ठेंगण्या कमानीखालून हांकली, तर वरचें गवत खरवडून निघतें व माथा सपाट होतो. लाटेचीं शिखरें तशींच छाटलीं जातात. आतां गणित पाहा. तितक्याच उंचीची, पण पूर्णपणें चौकोनी झालेली लाट मूळ गोलाकार लाटेच्या दुप्पट शक्ति वाहते. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर २०० वॅटच्या घरांत जाऊं शकतो, आणि १२० वॅट सोसणाऱ्या स्पीकरमधील बारीक तारेची गुंडाळी तापून तिचें आवरण जळतें. चिरंजीवांच्या कोड्याचा उलगडा हा असा.

कळ योग्य जागीं आणण्यास एक साधा मल्टिमीटर पुरे. वॅट व ओहम यांचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ काढावें, म्हणजे अपेक्षित व्होल्ट मिळतात. १०० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार ४००, त्याचें वर्गमूळ २०. ॲम्प्लिफायर व स्पीकर यांपैकीं ज्याचे वॅट कमी, तेच धरावे. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'कमाल' आंकडा न धरतां सतत पेलणारा, म्हणजे आरएमएस म्हणून दिलेला, आंकडा घ्यावा. पहिला आंकडा बहुधा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठीं असतो.

हें काम मुलांनीं वडील मंडळींच्या देखत करावें. यंत्र बंद असतां स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवाव्या, गेन अगदीं खालीं आणावा, 'बास बूस्ट' बंद करावा. इंजिन सुरू ठेवल्यास बॅटरीचे साडेबारा व्होल्ट चौदाच्या आसपास जातात व मोजमाप वापराच्या स्थितीस धरून येतें. मात्र मोटार उघड्यावर उभी असावी, कारण बंद गॅरेजमध्यें इंजिनाचा धूर प्राणघातक होतो. मग सेकंदास ५० आवर्तनांचा, पूर्ण पातळीवर मुद्रित केलेला एकसुरी नाद लावून स्टीरिओचा आवाज पाऊण अंशावर न्यावा. आपल्या घरांतील वीजही ५० आवर्तनांचीच असल्यामुळें स्वस्त मल्टिमीटरही येथें सहसा चुकत नाहीं. तो एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकरकडील टोकांस टेकवावा व गेन सावकाश चढवावा. २० दिसण्याच्या किंचित् अलीकडेच थांबावें.

याहूनही गंभीर गोष्ट फ्यूजची. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आंत, तो असलाच पाहिजे. तार पत्र्यास घांसून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर आग लागण्यास क्षण पुरतो. तारेस हात लावण्यापूर्वी बॅटरीचें ऋण टोक सोडवावें.

यंत्र वांचलें तरी कान उरतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणें निर्धोक. ९० डेसिबलचा अवघे ४ तास. शेजाऱ्यांचाही कांहीं हक्क आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. आणि आमच्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं त्या नियमांची कडक अंमलबजावणी करण्याविषयीं विस्तृत निकाल दिला.

आमच्या स्नेह्यांनीं नवा स्पीकर आणल्यावर चिरंजीवांनीं स्वतः वर्गमूळ काढून गेन बसविला. कळ पुरती अर्धीही फिरली नाहीं. त्या जागीं त्यांनीं पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेविला आहे, म्हणजे धुलाईच्या वेळीं कोणाचा हात लागला तरी ती पुन्हां जागेवर आणतां येते.