पॉइंटांपलीकडचं चिखलदरा

चिखलदऱ्याला आलेली गाडी देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड असं करत संध्याकाळी परतवाड्याच्या घाटात उतरते. १८२३ साली हैदराबाद कंटिन्जंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं ही जागा 'शोधली' म्हणतात. कोरकू आणि गवळी तेव्हा इथंच नांदत होते, हे वेगळं सांगायला नको. २०११च्या जनगणनेत गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात संग्रहालय, बाजार आणि रात्र शोधायची, तर पॉइंटांची यादी खिशात ठेवलेली बरी.

बाजारात आधी खवा आणि रबडी. जवळच्या मोथा गावातले गवळी खव्यासाठी नावाजलेले. शेजारी इंग्रजी अमदानीत इथं रुजलेली कॉफी. पाकिटावरची चित्रं साहेबाची आठवण करून देतात, खव्याला मात्र चित्र लागत नाही. "आजचाच हाय," एवढी जाहिरात पुरते.

खरं संग्रहालय जवळच्या गाविलगडावर आहे, तेही बिनतिकिटाच्या मनोवृत्तीनं पाहावं असं. अहमदशहा वली बहमनीनं १४२५च्या सुमारास हा गड बांधून काढला, पुढं तो इमादशाहीकडं गेला. दरवाज्यावर कोरलेली शिल्पं पाहा, पडून असलेल्या तोफा पाहा. डिसेंबर १८०३मध्ये, गड नागपूरकर भोसल्यांकडं असताना, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून दबाव टाकत होता आणि स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट काढत जड तोफा उत्तरेच्या लबाडा गावाच्या बाजूला ओढून आणल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना गेला. दोनच दिवसांनी रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वऱ्हाडाचं भवितव्य ठरलं ते इथं. तरी एवढ्या मोठ्या घटनेची नीट मांडणी करणारं दालन गडाच्या पायथ्याशी असायला हवं, असं वाटत राहतं.

वनखात्याचं संग्रहालय छोटं आहे. ते पाहताना मला लंडनचं संग्रहालय आठवतं, कारण रानपिंगळा. हा घुबडाचा छोटा भाऊबंद १८८४नंतर कुणाला दिसलाच नव्हता. १९१४ची एक नोंद होती, पण ती लंडनच्याच संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी डकवून पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेननं रचलेली निघाली. ते उघडकीला आणणाऱ्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनीच सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत पाहिला. पुढं चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटातही तो सापडला. गंमत म्हणजे हे घुबड मुख्यतः दिवसा हिंडतं.

मग रात्री काय? मेळघाट १९७३-७४च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, त्यामुळं इथली रात्र जनावरांची. माणसांना तीत शिरायचा खास मान मिळतो तो बुद्धपौर्णिमेला. आधी नोंदणी करून दुपारीच पाणवठ्याकाठच्या मचाणावर चढायचं, सकाळीच उतरायचं. मोबाइल, अत्तर, भडक कपडे, बडबड सगळं बंद. अस्वल, गवे, सांबर येतात. वाघ दिसेल याची हमी कुणीच देत नाही. ज्याला घटकाभर गप्प बसवत नाही, त्यानं आपली खव्याची दुकानं गाठावीत.