वीतभर उंचीची चार वर्षं

आमच्या ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर एखादं जुनं पोस्टकार्ड बेताच्या उंचीवरून, अगदी सपाट धरून पुढे ढकललं, तर ते पटकन खाली बसत नाही. फरशीच्या बोटभर वरून घसरत घसरत थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातं. लहानपणी आम्ही भावंडं यावर पैजा लावायचो. कार्ड आणि फरशी यांच्यात दबलेली हवा त्याला धरून ठेवते, हे कळायला वयाची पन्नाशी यावी लागली. ते कळलं आणि गेली चार वर्षं त्यातच गेली.

बाभुळगावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी जळतात, मी त्यांची तार काढून नवी भरतो. काम हंगामी. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत बसावं लागतं. पावसाळ्यात मात्र दुकानात शुकशुकाट असतो. २०२१ च्या पावसाळ्यात अशाच रिकाम्या दिवसांत भाचा इंजिनिअरिंगची ऑनलाइन परीक्षा आटोपून आला आणि म्हणाला, "मामा, आपण काही तरी उडवू ना." त्याच ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला, स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधणाऱ्या तरुण वेल्डरचा चाचणी घेताना जीव गेला. मागचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि तो पंखा त्याला लागला. वय अवघं चोवीस. तो माझ्याच धंद्याच्या जातीचा माणूस होता. पत्रा, वेल्डिंग, जुनं इंजिन यांतून काही तरी उभं करणारा. त्या बातमीने मी दोन रात्री झोपलो नाही. आईने दुकानाच्या दारात उभं राहून एवढंच सांगितलं, "बापा, उडाचं काही करू नको."

म्हणून आम्ही ठरवलं : माणूस बसणार नाही असं, किलोभर वजनाच्या आतलं आणि वीतभराहून वर न जाणारं यान करायचं. पाण्यावरून जाणारं, स्वतःची वाट स्वतः शोधणारं. खडकसावंग्याच्या बेंबळा धरणाचं पाणी आमच्याच तालुक्यात. भिंतीपासून दूर, मागच्या अंगाला, हिवाळ्यातल्या सकाळी ते काचेसारखं पडलेलं असतं. त्याच महिन्यात केंद्र सरकारचे नवे ड्रोन नियम आले होते. अडीचशे ग्रॅम ते दोन किलोपर्यंतच्या, धंद्यासाठी नसलेल्या यंत्राला चालकाचा परवाना लागत नाही, हे भाच्याने वाचून सांगितलं. यान कायम डोळ्यांसमोर ठेवायचं, हा नियम आम्ही आमचाच केला.

पाणकावळा पाण्यावरून कसा निघतो, ते बेंबळ्यावर रोज दिसतं. पंखांची टोकं पाण्याला लागतील की काय असं वाटावं इतका खाली तो अर्धा किलोमीटर जातो. पंखाच्या टोकांवरून हवा गोल फिरून वर येते आणि पंखाला मागे ओढते. ही ओढ उडण्याचा मोठा खर्च आहे. पंख जमिनीच्या किंवा पाण्याच्या जवळ आला की त्या भोवऱ्यांना पुरती जागा मिळत नाही, ओढ कमी होते. वीजेल्सबर्गर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित १९२१ मध्येच मांडलं. त्याच्या सूत्राने हिशेब केला, तर पंखाच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतक्या उंचीवर ही ओढ जवळपास निम्मी होते. आमचा पंख नव्वद सेंटिमीटर. वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरवर, पाव हिश्शाहून थोडी जास्त बचत. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. मी मात्र आमच्या वहीत 'गादी' असंच लिहीत आलो, कारण यान वेगात पाण्यावर आलं की ते खरोखर गादीवर बसल्यासारखं दिसतं.

पहिलं यान त्या दिवाळीनंतर झालं. टीव्हीच्या खोक्यातून निघणारं थर्माकोल, नायक्रोमच्या तापल्या तारेने कापलेलं. इथे पहिल्याच संध्याकाळी एक शिकलो : थर्माकोलला झटपट चिकटणारा गोंद लावला की ते डोळ्यांदेखत विरघळतं. पंखाच्या मधोमध अंगठ्याएवढं भोक पडलं. मग सुतारी फेविकॉल, वर फायबरची चिकटपट्टी, कण्याला बांबूची चीप. पंख सरळ आयताकृती, साध्या विमानासारखा. आम्ही मोठ्या आशेने ते पाण्यावर ठेवलं. ते धावलं, सुटलं, वीतभर वर आलं. मग हातभर, मग कमरेइतकं. नाक वर, आणखी वर, आणि पाठीवर उलटं पडलं. त्या हिवाळ्यात ते एकोणीस वेळा असंच उलटलं. वहीत प्रत्येक वेळेची तारीख आहे. वजन पुढे घेतलं, मागे घेतलं, शेपटी मोठी केली. काठावर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे भोई दादा एक दिवस म्हणाले, "भाऊ, याले वर जाऊच देऊ नका ना." मला त्यांचं बोलणं तेव्हा पुरतं समजलं नव्हतं.

कारण समजायला उन्हाळा लागला. गादीवर असताना पंखाचा उचलणारा जोर पंखाच्या मध्याकडे, मागे सरकलेला असतो. यान वर गेलं की तोच जोर पुढे, पंखाच्या पहिल्या पाव हिश्शाजवळ येतो. जोर पुढे आला की नाक उचलतं, नाक उचललं की यान आणखी वर जातं, वर गेलं की जोर आणखी पुढे. म्हणजे एकदा सुटलं की ते स्वतःच स्वतःला उलटवतं. रशियातल्या इरोदोव यांनी १९७० च्या सुमारास याची अट नेमकी मांडली : उंची बदलल्याने जोर जिथे बदलतो ती जागा, नाकाचा कोन बदलल्याने जोर जिथे बदलतो त्या जागेच्या पुढे हवी. हे एक वाक्य मी दुकानात मल्टिमीटरच्या वर खडूने लिहिलं. ते अजून आहे.

यावर जगात तीन माणसांनी तीन उत्तरं शोधली, आणि मला तिघांबद्दलही आदर आहे. जर्मनीच्या गुंथर यॉर्ग यांनी एकामागे एक असे दोन पंख लावले. रोस्तिस्लाव अलेक्सेयेव हे रशियातले बोटी बांधणारे अभियंते; त्यांनीही १९६१ च्या एसएम-१ या पहिल्या यानात दोन पंखच लावले होते, पण पुढे ते सोडून एकच पंख आणि मागे उंचावर प्रचंड शेपटी असा घाट घेतला. ती शेपटी गादीच्या वर, मोकळ्या हवेत असते, म्हणून उंची बदलली तरी तिचं वागणं बदलत नाही. त्यांचं १९६६ चं यान कास्पियन समुद्रावर चाललं : लांबी ब्याण्णव मीटर, दहा जेट इंजिनं, वजन पाचशे टनांहून अधिक. अमेरिकनांना उपग्रहातून ते दिसलं तेव्हा काय आहे ते कळेना. त्याच्या अंगावरच्या केएम या अक्षरांवरून त्यांनी त्याला 'कास्पियनचा राक्षस' म्हटलं. खरं तर केएम म्हणजे रशियन भाषेत 'जहाजाचा नमुना'. एवढं अवाढव्य यान आणि नाव नमुना! आमच्या किलोभर नमुन्याकडे बघताना मला ते नेहमी आठवतं.

अलेक्सेयेव यांची आणखी एक हकीकत मी भाच्याला कितीदा सांगितली असेन. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या 'ऑर्ल्योनोक' या यानाची चाचणी चालू असताना मागचा भाग शेपटीसकट तुटून गेला. अलेक्सेयेव स्वतः यानात होते. त्यांनी सुकाणू हातात घेतलं, नाकातल्या इंजिनांचा जोर वाढवला आणि पंखाखाली हवा कोंबत ते तुटकं यान पाण्यावरून तळापर्यंत आणलं. बक्षीस म्हणून त्यांचं पद काढून घेतलं गेलं. १९८० च्या फेब्रुवारीत ते वारले, आणि त्याच वर्षी केएमही अपघातात बुडालं. ज्या माणसाने हे शास्त्र उभं केलं, त्याच्या वाट्याला असा शेवट यावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही घेतलं ते तिसरं उत्तर, अलेक्झांडर लिपिश यांचं. दुसऱ्या महायुद्धातलं 'कोमेट' हे रॉकेट-विमान आखणारा हा माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि १९६३ मध्ये त्याने एक्स-११२ हे छोटं यान उडवलं. त्याचा पंख म्हणजे उलटा त्रिकोण : रुंद बाजू पुढे, निमुळती मागे, आणि पुढची कड टोकांकडे खाली झुकलेली. सुपाची रुंद बाजू पुढे करून पालथं धरलं तर कसं दिसेल, साधारण तसा. या आकारात जोराचं पुढे-मागे सरकणं फार कमी होतं, आणि उरलेलं उंच शेपटी सांभाळते. घरच्या सुपावरून मी त्याचा पहिला कागदी साचा कापला. २०२२ च्या डिसेंबरात ते यान पहिल्यांदा पाण्यावर सोडलं. सुटलं, वीतभर वर आलं आणि तिथेच राहिलं. साठेक मीटर सरळ गेलं. भाचा काठावरच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता, तसाच ओरडला, "मामा, राहून राहिलं ना!" त्याच्या त्या वाक्याची तारीख मी वहीत वेगळ्या शाईने लिहिली.

पाण्यातून सुटणं हे वेगळंच दुखणं. पाणी तळाला धरून ठेवतं. उडत राहायला लागतो त्याच्या कितीतरी पट जोर सुटायला लागतो. तळाला मध्यावर एक आडवी पायरी काढली, तेव्हा मागचा भाग पाण्यातून लवकर मोकळा होऊ लागला. मोटारी पंखाच्या पुढे घेऊन थोड्या खाली झुकवल्या, म्हणजे त्यांचा वारा पंखाखाली जातो. सर्किटांवर बहिणीचं नेलपॉलिश फासलं. पाण्यापासून वाचवायला त्याच्याएवढं सोपं काही मिळालं नाही.

मग स्वतःहून चालण्याचा भाग, ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. वाट शोधणं अवघड नव्हतं. जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतं, पण एवढ्या मोठ्या पाण्यावर त्याने बिघडत नाही. उंचीला मात्र दोन-तीन मीटरची चूक म्हणजे काहीच न कळण्यासारखं. हवेचा दाब मोजून उंची काढावी, तर आमची सगळी गादीच दाबाची. पंखाखालचा दाब त्या यंत्राला फसवतो. आवाजाच्या लहरींनी मोजणारा सेन्सर लावला, तो पंख्यांच्या गोंगाटात बिचकायचा. लेझरचा लावला. तो बाजारातल्या रस्त्यावर बिनचूक आणि धरणावर वेडावाकडा. पंधरा दिवसांनी उलगडलं : नितळ, शांत पाण्यात लेझरचा किरण परत न येता आत शिरतो किंवा भलतीकडे परावर्तित होतो. म्हणजे ज्या शांत पाण्यासाठी आम्ही पहाटे जात होतो, तेच पाणी त्याला दिसत नव्हतं. शेवटी दोन्ही लावले, आवाजाचा सेन्सर शेपटीच्या खांबाजवळ, पंख्यांपासून लांब. दोघांचं जमलं तर विश्वास ठेवायचा. नाही जमलं तर वेग कमी करून पाण्यावर बसायचं. आर्डूपायलट ही फुकट मिळणारी प्रणाली, तिच्यात भाच्याने हे कलम स्वतः लिहून घातलं.

याच काळात एक गोष्ट हाती लागली आणि तिने सारं सोपं केलं. उंची घ्यायला नाक उचलायचं नाही, वेग वाढवायचा. वेग वाढला की गादी यानाला आपोआप उचलते, कमी झाला की उतरवते. शेपटीच्या पात्याला आम्ही तीन अंशांपलीकडे हलायची मुभाच काढून घेतली. त्यानंतर यान एकदाही उलटलेलं नाही.

वळणाचा हिशेब कागदावरच घाबरवणारा होता. विमान कलून वळतं. आमचं कललं तर पंखाचं टोक पाण्यात. सेकंदाला नऊ मीटर वेगाने, फक्त पाच अंश कलून वळायचं, तर वर्तुळाची त्रिज्या नव्वद मीटरहून थोडी जास्त लागते. म्हणजे आपल्याला लागतं ते जवळजवळ दोनशे मीटर रुंद, मोकळं पाणी. मासेमारीच्या जाळ्यांची बाटल्यांची तरंगणी नकाशावर मांडायची, भोई दादांना आदल्या संध्याकाळी फोन करायचा, मगच आखणी. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर गाळपेर होते आणि आमचं मैदान आखडतं. त्यामुळे दर वर्षी दिवाळी ते होळी एवढेच दिवस मिळाले. तेही सकाळी नऊपर्यंत. नंतर वारा सुटतो आणि वीतभर यानाला वीतभर लाटा.

२०२५ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या 'एरो इंडिया' प्रदर्शनात आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या 'वॉटरफ्लाय टेक्नॉलॉजीज' या कंपनीने अशाच मोठ्या यानाची कल्पना मांडली. कोलकाता ते चेन्नई, पाण्यापासून चारेक मीटरवरून, माणशी सहाशे रुपयांत नेऊ, असा त्यांचा दावा. भाच्याने मला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, "मामा, हेच." मी तो आईला दाखवला. तिने मन लावून बघितला आणि विचारलं, "यात माणसं बसतील का रे?" मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही, पण मोबाइल तिने लगेच परत दिला नाही.

त्याच महिन्यातल्या एका सकाळी आम्ही यान काठावरून सोडलं आणि रिमोट बाजूला ठेवला. ते धावलं, पाण्याची रेघ तुटली, गादीवर बसलं. पहिल्या खुणेपर्यंत सरळ गेलं, तिथे सावकाश, मोठ्ठं वळण घेतलं, दुसरी खूण ओलांडली आणि आमच्याकडे तोंड करून निघालं. पाणकावळ्यांचा थवा उठला आणि त्याच्याच उंचीवरून बाजूने निघून गेला. शेवटच्या पन्नास मीटरांत वेग उतरला, पायरी पाण्याला लागली आणि ते आमच्यापासून वीसेक पावलांवर तरंगत थांबलं. भोई दादा तराफा घेऊन आले, यान दोन्ही हातांनी उचललं, तळाला हात फिरवून बघितला. "हे तं आपल्याच थर्माकोलचं हाय," म्हणाले, आणि मांडीवर घेऊन काठाशी आणलं.

सध्या ते दुकानात टेबलावर, एका जळालेल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीशेजारी उघडं पडलंय. डाव्या पंख्याची बेअरिंग खरखरते, ती बदलायची आहे. बेंबळ्याचं पाणी अजून चढतंय. दिवाळीला अवकाश आहे.